टर्न संपवायचं बटण

२ जून, सोमवार. संध्याकाळी ७.४०
वार्षिक मूल्यमापनाचा कागद आज हातात पडला. बाकी सगळं ठीक. 'निर्णयक्षमता' या रकान्यात साहेबांनी लिहिलंय : सुधारणेस वाव. बावीस वर्षं पंपांच्या कारखान्यात डिस्पॅच सांभाळतोय. कुठला पंप कुठल्या ट्रकमध्ये जाणार, हे मी नाही तर कोण ठरवतं? (ट्रकवाला ठरवतो. पण सही माझी असते.)
शेजारच्या टेबलावरच्या खरेदीवाल्याने एक कॉम्प्युटर गेम दिला. एका गावापासून सुरुवात करून साम्राज्य उभं करायचं. राज्यपद्धत आपण निवडायची, कर आपण ठरवायचे. आपला टर्न खेळून झाला की 'टर्न संपवा' हे बटण दाबायचं, मग शेजारचे राजे खेळतात. बटण दाबेपर्यंत हवा तेवढा विचार करता येतो. माझ्यासारख्यासाठीच बनवलाय.
संकल्प : रोज सकाळी पाच टर्न, संध्याकाळी पाच. महिन्याभरात निर्णयक्षमता कमवायची. ही करमणूक नव्हे. बायकोला तसं स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, बरं.

३ जून, मंगळवार
सासरे आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, महिनाभर आपल्याकडे. धान्याच्या गोदामावर चौतीस वर्षं काढली, गोदामप्रमुख म्हणून निवृत्त झाले. सासूबाई गेल्यापासून एकटेच असतात. कॉम्प्युटरच्या खोलीत त्यांची कॉट टाकली. कपाटाचा एक खण रिकामा करून दिला होता, पण त्यांनी बॅग उघडलीच नाही. खुर्चीखाली सरकवून ठेवली. डावखुरे आहेत. चहाचा कप आठवणीने डावीकडे घेतात.
साम्राज्य : एक शहर, हुकूमशाही. सुरुवातीला तीच मिळते.

५ जून, गुरुवार. सकाळी ६.३०
बायकोचं म्हणणं, बाबांना आता इथेच ठेवून घेऊ. पण ते तिच्या सांगण्यावर राहणार नाहीत. लेकीच्या घरी राहायचं तर जावयाने स्वतः तोंडाने म्हटलं पाहिजे, असा त्यांचा स्वभाव. त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याने निवृत्तांच्या निवासात खोली बघून ठेवलीये. तीस तारखेपर्यंत होकार कळवायचाय. त्याआधी मी म्हणायचं.
म्हटलं, म्हणतो की. त्यात काय! माझीही तीच इच्छा आहे. माणूस गुणी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त अशी गोष्ट उठल्यासुटल्या म्हणायची नसते. सगळ्या बाजूंनी विचार करून म्हणेन.

८ जून, रविवार
हुकूमशाही माझ्या स्वभावात बसत नाही. राजेशाही जाहीर केली. राज्यपद्धत बदलली की मध्ये तीन टर्न अराजक असतं. कर नाही, काम नाही, लोक नुसते बसून खातात. हे माहीत नव्हतं.
सासरे काळा चष्मा लावून मागे येऊन उभे राहिले. विचारलं, लोकांना खायला पुरतंय का? सांगितलं की साम्राज्यात लोक हा एक आकडा असतो. मग विचारलं, कोठार बांधलंय का? सांगितलं की कोठारात भांडवल अडकून पडतं. ते म्हणाले, आम्ही गोदामात शिरलो की आकडे नंतर बघायचो, आधी उंदीर बघायचो. हसलो. म्हाताऱ्या माणसाला अर्थकारण कुठून समजावायचं!

११ जून, बुधवार
दुसऱ्या शहरात उपासमार, राजधानीत दंगल. दोष राजेशाहीचा. प्रजासत्ताक जाहीर केलं. पुन्हा तीन टर्न अराजक.
खरेदीवाला म्हणतो, तो अख्खा गेम एकाच राज्यपद्धतीवर काढतो. म्हणूनच तो अजून खरेदीत आहे.
सासऱ्यांशी बोलायचं राहिलं. अराजकात मोठे निर्णय घेत नाहीत.

१४ जून, शनिवार
चमत्कार! सकाळी बसची वेळ झाली म्हणून टर्न अर्धवट सोडून गेलो होतो. संध्याकाळी येऊन बटण दाबलं, तर तिन्ही शहरांत धान्य शिलकीत. दंगल बंद. प्रजासत्ताक मानवलं. धोरणाची फळं उशिरा दिसतात, एवढंच. ती दिसेपर्यंत धीर धरणारा माणूस लागतो.
किरकोळ : माउस कीबोर्डच्या डावीकडे ठेवलेला होता. बायको टेबल पुसताना ठेवत असणार. तिला बोलायला हवं.

१७ जून, मंगळवार. सकाळी ७.०५
दोन शहरांत कोठारं बांधून तयार. ती बांधायचा हुकूम मी कधी दिला ते आठवत नाही. चांगला राज्यकर्ता काही निर्णय नकळत घेतो. याचीच सवय लागायला हवी होती.
माउस पुन्हा डावीकडे. कीबोर्डशेजारी डोळ्यांच्या थेंबांची बाटली, खुर्चीवर उशी. बायकोला म्हटलं, जरा शिस्त हवी. ती म्हणाली, हो का?
संध्याकाळी : सासऱ्यांना अर्धा तास धोरण समजावलं. शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी एकच शंका काढली, की एवढं सैन्य शहरात बसून का खातंय? म्हटलं, त्यामागे विचार आहे.

१८ जून, बुधवार
सैन्य सरहद्दीवर. मीच हलवलं असणार.
आज साहेबांना सहज सांगितलं, की सध्या निर्णयक्षमतेवर काम चालू आहे. त्यांनी विचारलं, कसली?

२० जून, शुक्रवार
सकाळी चहाला सासऱ्यांनीच विषय काढला. सहकाऱ्याचा फोन आला होता. खोली पहिल्या मजल्यावर आहे, खिडकी रस्त्याकडे. मग कप खाली ठेवून मला म्हणाले, काय करू, कळवू का होकार? आणि माझ्याकडे बघत राहिले.
अगदी ओठांवर आलं होतं. पण एवढा महत्त्वाचा विषय, आणि समोर बिस्किटांचा डबा उघडा. म्हटलं, सर्व बाजू तपासून महिनाअखेरीस सांगतो. वाक्य चांगलं जमलं, अगदी साहेबांसारखं. सासरे म्हणाले, हो हो, घाई काही नाही. बायको अर्धा चहा टाकून उठली.
तिला कळत नाही. न बोलताही माणसाला कळतंच ना, की तो आपल्याला हवाय म्हणून? मी त्यांना थेंब वेळेवर घातले का ते रोज विचारतो. (गेल्या आठवड्यात दोनदा विचारलं.)

२४ जून, मंगळवार
सहा शहरं. सहाही भरल्या पोटी. खरेदीवाल्याला स्क्रीनचा फोटो दाखवला. बराच वेळ बघून तो म्हणाला, हे तुम्ही केलंत? मत्सर लपत नाही.
आता योजना. रविवारी, २९ ला, लोकशाही आणायची. ती सगळ्यांत वरची राज्यपद्धत. आणि त्याच मुहूर्तावर सासऱ्यांना सांगायचं, की आता इथेच राहा. दोन्ही घोषणा एकदम. पुढे आयुष्यभर लक्षात राहील त्यांच्या.
दमलोय मात्र. सहा शहरं चालवणं सोपं नाही.

२९ जून, रविवार. सकाळी ९.१५
लोकशाही जाहीर. अराजक सुरू. या वेळी चार टर्न! बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, बोललात का? म्हटलं, संध्याकाळी.

संध्याकाळी ७.३०
दोन शहरांत बंड. दिवसभर मान वर करता आली नाही. दुपारी सासरे दारात आले होते. मिनिटभर उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी हाताने 'दोन मिनिटं' अशी खूण केली. नंतर बघितलं तर दारात नव्हते.
अशा गडबडीत घोषणा करण्यात अर्थ नाही. उद्या. तीस तारीख अख्खी पडलीये.

३० जून, सोमवार. संध्याकाळी ६.५०
ऑफिसातून आलो. खुर्चीखाली बॅग नाही. कॉटवरची चादर घडी घालून ठेवलेली. चारच्या बसने गेले. बायको रजा काढून त्यांना सोडून आली. सकाळीच त्यांनी सहकाऱ्याला होकार कळवला होता.
मी म्हटलं, पण अजून तीस तारीख संपलेली नाही!
तिने माझं जेवण झाकून ठेवलं आणि ती आत गेली.

२ जुलै, बुधवार
मन रमवायला हवं. भव्य ग्रंथालय बांधायला घेतलं. जगात एकच बांधता येतं, जो आधी पूर्ण करेल त्याचं. खजिना कमी पडला म्हणून सहाही कोठारं विकून टाकली. आर्थिक सुधारणा म्हणजे शेवटी हेच : अडकलेलं भांडवल मोकळं करणं.

३ जुलै, गुरुवार
शेजारच्या राणीने ग्रंथालय माझ्या एक टर्न आधी पूर्ण केलं. चार शहरांत उपासमार. लोकशाही ही एकूण फसवी पद्धत आहे.
माउस उजवीकडे, जिथे ठेवला होता तिथेच. दोन दिवस झाले, तिथेच आहे. बायकोला विचारलं, हल्ली टेबल पुसत नाहीस का? ती म्हणाली, मी ते टेबल महिनाभरात एकदाही पुसलेलं नाही.

४ जुलै, शुक्रवार. संध्याकाळी ७.००
बायकोने सांगितलं. मी विचारलं म्हणून नाही, रागाने सांगितलं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यापासून बाबा रोज दुपारी खुर्चीवर उशी घेऊन गेमसमोर बसायचे. माणसं शेतांवर पाठवायचे, कोठारं बांधायला घ्यायचे, कर उतरवायचे. तिने विचारलं तर म्हणायचे, दुसऱ्याच्या घरी नुसतं बसून खायला बरं नाही वाटत, तेवढीच जावईबापूंना मदत. जावईबापूंना सांगू नकोस असंही बजावलं होतं, उगीच त्यांचा हिरमोड होईल म्हणून. टर्न संपवायचं बटण मात्र एकदाही दाबलं नाही. ते म्हणे जावईबापूंनीच दाबायचं, राज्य त्यांचं आहे.
२९ ला, अराजकातसुद्धा, दारात विचारायला आले होते, की मी जरा बसू का?
आज एकही टर्न खेळलो नाही. लाज वाटली. नुसती वाटली नाही, अजून वाटतेय.

५ जुलै, शनिवार. सकाळी १०.२०
फोन केला. लग्नाला एकवीस वर्षं झाली, मी स्वतःहून लावलेला पहिलाच. त्यांना फार आनंद झाला. माझी तब्येत विचारली, ऑफिस विचारलं. खोली बरी आहे म्हणाले. समोरच कसलंसं गोदाम आहे, खिडकीतून ट्रकवर लक्ष ठेवता येतं.
मग मी म्हटलं. परत या, आता इथेच राहा. एवढंच होतं. बोलायला चार सेकंद लागले.
ते म्हणाले, आता इथे शब्द देऊन बसलोय, तो मोडणं बरं दिसत नाही. पण तुम्ही म्हणालात, बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.
फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, कोठारं तेवढी विकली नाहीत ना?
म्हटलं, छे. सगळी आहेत.