पाकिटांच्या पाठीवरचा भाव

३ सप्टें. ७८, रवि.
पोळ्याचा दुसरा दिवस. इतवारीतून मारबतींचे पुतळे निघाले. गल्लीभर आरडाओरडा, ईडा-पीडा घेऊन जा गे मारबत! मीही घसा फोडून ओरडलो. घरी आलो तर दादा जिन्यातच उभा. "वरच्या दोन खोल्या दिवाळीनंतर मले लागतीन गा. मालाले जागा पुरून नाही राहिली." म्हणजे आमची पीडा मारबतीने नेली नाही, घरी आणून सोडली.

आम्ही राहतो त्या खोल्या त्याच्याच, बोलणार काय? बाबांनी जाण्याआधी वाटणी केली. दुकान आणि वरच्या खोल्या दादाला, टपाल तिकिटांची पेटी मला. "दोन्ही सारखंच," म्हणाले. मी सही केली. बाबांनी नुसता हात लावून कापडाचा भाव सांगितला तर गांधीबागेच्या बाजारात कोणी दुसऱ्याला विचारायचं नाही. मग मी साधा शाळामास्तर, मी कशाला विचारू!

५ सप्टें., मंगळ.
कुसुमला सांगितलं. तिला काहीच वाटलं नाही. "मंग पेटी इका न् घर घ्या. सोपं तं आहे." जेवता जेवता तिने नव्या घरात चूलही मांडली, खिडकीजवळ. मलाही बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

९ सप्टें., शनि.
शाळा सुटल्यावर पेटी घेऊन बर्डीच्या बाजारात. गो. म्हणजे तिकिटांचे जुने व्यापारी, बाबा त्यांच्याकडूनच घ्यायचे. वरचं पाकीट पाहून खूश. रेल्वे इंजिनाचं, तिकीट निघालं त्याच दिवसाचा शिक्का, अगदी स्वच्छ उमटलेला. मग चिमट्याने उलटं केलं. दुसरं उलटं केलं. तिसरं. "हे कोणं लिहिलं, मास्तर?"

मी अभिमानाने सांगितलं. (अभिमानाने!) दुकानाची खूण आहे, आकड्यांऐवजी अक्षरं, गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून ताग्याच्या कोपऱ्यावर घालतात तशी. दर दिवाळी पाडव्याला बाबा जुना भाव खोडून नवा चढवायचे, शाईसारखी उमटणारी कॉपिंग पेन्सिल जिभेवर ओली करून.

गो.नी भिंग माझ्या हातात दिलं. इंजिनामागच्या आभाळात जांभळे डाग. पाठीवरचा भाव पुढे फुटून आलेला.

"अशी घेणारा कोणी नाही, मास्तर. कोरी असती तं मीच सोडली नसती." फार मायेने बोलले. त्याचंच जास्त लागलं.

१० सप्टें., रवि.
सगळी पेटी उपसली. एखादं तरी सुटलं असेल. नाही. बाबा कामचुकार नव्हते. सुट्या तिकिटांच्यासुद्धा मागे, डिंकावर, मुंगीएवढं अक्षर. माणसाने किती नेटकं असावं! राग आला आणि मग रडूच आलं. कुसुम पाकिटं परत लावत बसली.

१७ सप्टें., रवि.
गो.नी बजावलं होतं, पाणी लावू नका. पण शहाणपण आमच्या घराण्यात कुठून येणार? कापसाचा बोळा ओला करून फुलांच्या पाकिटावर हलकेच फिरवला. आधी काही नाही. मग रंग असा पसरला की फुलं, शिक्का, सगळं जांभळं. कुसुम म्हणाली, "आता तं वांगं दिसून राहिलं." दोघंही हसलो. नंतर ती मोरीत बोळा पिळत बराच वेळ उभी होती.

११ ऑक्टो., बुध. दसरा
दादा सोनं द्यायला वर आला. मला पायाशी वाकू दिलं नाही, गळाभेट घेतली. मग म्हणाला, "पाहू दे बाबाची पेटी." खुणेची अक्षरं त्याला माझ्यापेक्षा भराभर वाचता येतात. बोटांवर बेरीज करत गेला. चेहरा उतरत गेला.
"हे तं दुकान न् खोल्या मिळून जास्त झालं गा. बाबानं तुलेच जास्त देलं!"
ढोंग नव्हतं. खरंच दुखावला होता. अख्ख्या नागपुरात बाबांचा भाव मानणारा हा एकच उरला.
म्हटलं, "मंग बदलून घे ना. पेटी तुले, खोल्या मले."
त्याने चहा संपवला. मग कप खाली ठेवून, "बाबाचा शब्द कसा मोडाचा?" आणि उतरून गेला.
कुसुम माझ्यावरच चिडली. "बर्डीवाला काय म्हणे ते काहून नाही सांगितलं?" कसं सांगू? दादासमोर बाबांना खोटं पाडायला जीभच उचलली नाही.

२२ ऑक्टो., रवि.
महाल भागात एक खोली पाहिली. भाडं ऐकून बसलोच नाही. कुसुम म्हणते, पारशिवनीला भावाकडे राहते काही दिवस. काही दिवस म्हणजे किती, मी विचारलं नाही.

१ नोव्हें., बुध. पाडवा
सकाळपासून खाली दादा ताग्यांवर नवे भाव घालतोय. तागे आपटल्याचा आवाज वरपर्यंत येतो.
कुसुमने ओवाळलं. ताटात टाकायला काही नव्हतं, इंजिनाचं पाकीट ठेवलं. तिने उलटं करून विचारलं, "बाबा काय म्हनत याचं?" बाबांनी गेल्या पाडव्याला घातलेला भाव वाचून दाखवला. तिने पेटीतून पेन्सिलीचा तुकडा काढून माझ्या हातात दिला. "यंदाचा घाला मंग. बाबा तं नाही आता."
चेष्टा करत होती की खरंच, कळलं नाही. तिचं गाठोडं दाराशी बांधून ठेवलेलं.
बाबांचा भाव खोडला. पेन्सिल जिभेवर ओली केली. कडू लागते. दोनदा ओली करून झाली, जीभ जांभळी झाली असेल. काय लिहू?
कुसुम अजून ताट घेऊन समोर उभी आहे.