उलट्या बांधलेल्या तारा

१० नोव्हेंबर, रवि.

वही, माफ कर. तेवीस दिवस एक अक्षर लिहिले नाही. काय लिहायचे ते ठाऊक होते, म्हणूनच लिहिले नाही. लिहिले की खरे होते असे वाटत राहिले.

मधूला झटका आला. डावी बाजू गेली. दवाखान्यातून आता मुलगी मुग्धा त्याला वाघोलीला आपल्या घरी घेऊन गेली आहे. इथल्या, खडकीच्या, त्याच्या घराला कुलूप.

रविवार सकाळी दहा म्हणजे मधूचे घर. सदतीस वर्षे. तो बँकेतला, मी कारखान्यात लेथवर. तो गिटार, मी बेस गिटार. लोकांपुढे फार वाजवले नाही. दोन गणेशोत्सव आणि माझ्या भाचीचे लग्न, तिथे आम्ही सुरू केल्यावर लोक जेवायला उठले.

आज दहा वाजता सवयीने बेस काढली. एकट्या बेसला गाणे नसते. मंगल स्वयंपाकघरातून म्हणाली, "खालच्या बाई विचारत होत्या, पाण्याची मोटार बिघडली का."

ठेवून दिली.

१३ नोव्हें., बुध.

वाघोलीला जाऊन आलो. दोन बस. आठव्या मजल्यावर घर, लिफ्टमध्ये मला धडधडते. म.चा चेहरा डावीकडे किंचित उतरला आहे. बोलतो, पण शब्द पाय ओढत येतात. डावा हात उशीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

मला बघून पहिले काय विचारले तर बेसच्या तारा बदलल्या का. अठरा वर्षे त्याच तारा आहेत, त्याला माहीत आहे. नाही म्हटल्यावर म्हणाला, "पेन्शनवर... गेल्यात त्या." मी हसलो. नंतर जिन्यात जाऊन उभा राहिलो थोडा वेळ.

निघताना मुग्धाने किल्ली दिली. काका, बाबांची गिटार तुमच्याकडे न्या, तिथे बंद घरात खराब होईल. गिटार बरेच दिवस वाजणार नसेल तर तारा सैल करून ठेवतात, गळ्यावर ताण नको म्हणून. मी तसे म्हणालो. म.ने मान हलवली.

"सैल करू नकोस. स्वरात ठेव."

बसमध्ये तेच आठवत होतो. म्हणजे त्याला वाजवायचे आहे.

१७ नोव्हें., रवि.

गिटार आमच्या पलंगाशेजारी. रोज सकाळी चहाच्या आधी स्वर जुळवतो. मंगल म्हणते माझ्या तब्येतीची चौकशी एवढी कधी केली नाहीत.

नट बघत बसलो. नट म्हणजे गळ्याच्या टोकाची पट्टी, तिच्या सहा खाचांतून सहा तारा जातात. म.ने तो स्वतः केला आहे. बाजारातल्या खाटकाकडून हाड आणले, कारखान्याच्या मागे माझ्या स्टोव्हवर उकळले, कारण घरी वहिनींना कळले असते तर हाडासकट हा बाहेर. त्यांना शेवटपर्यंत प्लास्टिक म्हणूनच सांगितले. दोन वाया गेले, तिसरा लागला. बँकेच्या माणसाने कानशीने केलेले काम. तिसरी खाच केसभर डावीकडे आहे. मी तेव्हापासून सांगतो. तो म्हणायचा, "दत्ता, गाणं मायक्रोमीटरनं मोजत नाहीत."

मला मात्र ती खाच दिसतेच.

२१ नोव्हें., गुरु.

मुग्धाचा फोन. व्यायामाचे डॉक्टर येतात. खांद्याला जीव आहे, कोपरही थोडे वाकते. बोटांचे काही सांगता येत नाही म्हणाले. सहा महिने, वर्ष, कदाचित नाहीच. बाबांना सांगू नका. मी म्हटले नाही सांगणार. मग दिवसभर जुनी हत्यारे काढून पुसत बसलो. मंगलने विचारले तिला सांगितले. ती म्हणाली, मग तुम्ही जाऊन बसत जा नुसते. नुसते बसणे मला कधी जमले आहे.

२३ नोव्हें., शनि.

एक सुचले आहे. लिहून ठेवतो.

गिटारला डावा हात बोटे ठेवतो, ते अवघड काम. उजवा तारा छेडतो, ते त्यामानाने सोपे. म.चा उजवा शाबूत आहे. मग गिटार उलटी धरायची. अवघड काम उजव्याला द्यायचे. डाव्याने खांद्यातून नुसते वरखाली केले तरी चालेल, बोटांना पट्ट्याने नखी बांधता येईल. डावखुरे लोक वाजवतातच. त्यासाठी तारा उलट क्रमाने बांधायला हव्यात, उलटी धरल्यावर जाड तार खाली जाते ती वर. एवढेच.

छाती धडधडते आहे. ब्लडप्रेशरची गोळी घेतली.

२५ नोव्हें., सोम.

कॅम्पात दुकानात गेलो. तिथले गिटार दुरुस्त करणारे इनामदार, चाळिशीतले, हळू बोलतात. म्हणाले तारा नुसत्या उलटवून भागणार नाही, जाड तार बारीक खाचेत बसत नाही. उलटा नट नवीन करून देतो, जुना काढून जपून ठेवा. पंधरा-वीस दिवस लागतील. आणि विचारले, "ज्यांची आहे त्यांना चालणार आहे ना?"

मी म्हटले माझा मित्र आहे.

"मित्र आहे ते कळलं. विचारलंय का?"

पुणेरी माणूस, मुकाट्याने काम घेणारच नाही. गिटार परत घेऊन आलो. ८ तारखेला म.चा वाढदिवस. पंधरा-वीस दिवस कसे थांबणार. आणि चौतीस वर्षे लेथवर काढली ती काय एका हाडाच्या तुकड्यासाठी दुसऱ्याकडे जायला?

१ डिसेंबर, रवि.

झाले. चार दिवस लागले. नवे हाड शोधत बसलो नाही, होता तोच नट काढून केला. जाड तारांच्या खाचा हाडाची पूड आणि गोंद घालून बुजवल्या, पुन्हा बारीक कापल्या. बारीकच्या खाचा रुंद केल्या. तिसरी खाचही आता जागेवर आहे. भिंग लावून पाहिले. चोख. कारखान्यातल्या साहेबाला दाखवावे असे काम.

तारा उलट्या बांधल्या. स्वर लागला. मंगलला दाखवले. ती म्हणाली, "आता ही नेहमीसारखी नाही का वाजणार?" मी म्हटले नाही, त्यासाठीच तर केले. ती तांदूळ निवडायला बसली. तिचे गप्प बसणे मला आवडत नाही.

८ डिसें., रवि.

सगळे लिहायचे आहे.

गिटार मांडीवर घेऊन दोन बस. मुग्धाने शिरा केला होता. म. खुर्चीत बसलेला, दाढी केलेली. गिटारची पिशवी बघून चेहरा फुलला. मी म्हणणार होतो की आधी ऐक, एक गंमत केली आहे. तेवढ्यात मुग्धा म्हणाली, काका, तुम्हाला माहीत नाही, बाबा रोज फूटपट्टीवर सराव करतात. लाकडी फूटपट्टी, तिच्यावर पेनाने सहा रेघा आखल्या आहेत. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. उजव्या हाताने डाव्याचे एकेक बोट उचलून रेघेवर ठेवतात. गेल्या आठवड्यात मधले बोट आपोआप दाबले गेले. डॉक्टरांनी टाळी वाजवली.

मी ऐकतच राहिलो. म.ने तोवर गिटार ओढून मांडीवर घेतली होती. नेहमीसारखी.

तेव्हा बोलायला हवे होते. तो बोटे ठेवत होता आणि मी बघत होतो. ई मायनर, दोन बोटांची कॉर्ड, सगळे हिनेच सुरुवात करतात. पहिले बोट बसायला दोन मिनिटे. दुसऱ्याला त्याहून जास्त. कपाळावर घाम. चष्मा टेबलावर, आणि डाव्या बोटांना जाड बारीक अजून कळत नाही. मग उजव्या अंगठ्याने तारा छेडल्या.

भलताच आवाज आला. येणारच होता.

त्याने पुन्हा छेडल्या. बोटे बघितली. बोटे बरोबर होती. त्याने माझ्याकडे पाहिले आणि तो घाबरला होता. सदतीस वर्षांत मी मधूला घाबरलेला पाहिला नव्हता, वहिनी गेल्या तेव्हासुद्धा नाही. म्हणाला, "दत्ता... मला... ऐकू नीट येत नाही का? डोकं पण गेलं का रे माझं?"

मी भराभर सांगितले. नाही नाही, तुझे बरोबर आहे, मीच तारा उलट्या बांधल्यात. उजव्या हाताने वाजवता यावी म्हणून. बघ, अशी धर.

त्याने उजव्या हाताच्या अंगठ्याने नट चाचपला. खाचा मोजाव्यात तसा.

"हा माझाच?"

हो म्हटले.

"तू माझा हात जमेतच धरला नाहीस, दत्ता."

हे बोलताना मात्र अडखळला नाही. मग म्हणाला घेऊन जा. मुग्धा म्हणाली बाबा, काकांनी चांगल्यासाठीच. त्याने तोंड भिंतीकडे केले.

शिरा तसाच राहिला.

९ डिसें., सोम.

फोन केला. उचलला नाही.

दुसरा विचार येतो आहे तो लिहिण्यासारखा नाही, पण ही वही माझीच आहे. नवे हाड मिळाले असते. खाटीक आजही तिथेच आहे. मी जुन्यालाच कानस का लावली? घाई होती हे खरे. पण तिसरी खाच जागेवर आणताना मला बरे वाटत होते, तेही खरे. म.साठी करत होतो की माझे खरे करत होतो?

जेवलो नाही. मंगल ताट उचलताना म्हणाली, "त्यांना एकदा विचारायचं होतं." एवढेच. रागावली असती तर बरे झाले असते.

१४ डिसें., शनि.

मुग्धा बोलली. खूप वेळ इकडचे तिकडचे. मग म्हणाली काका, तुमच्यावर राग नाही, पण सांगायला पाहिजे. त्या दिवसापासून बाबांनी फूटपट्टी हातात घेतली नाही. डॉक्टर येतात, ते करून घेतात तेवढेच. स्वतःहून काही नाही. विचारले की म्हणतात, दत्ता कारागीर आहे, त्याने मोजूनच केले असेल.

फोन ठेवल्यावर गॅलरीत उभा राहिलो. मला मोजता येते हे त्याने खरे मानले. आयुष्यभर चेष्टा केली आणि नको तिथे खरे मानले.

१८ डिसें., बुध.

इनामदारांकडे. नट त्यांच्या हातात दिला. उजेडात धरून म्हणाले काम फार सुरेख आहे. मी म्हटले तो पूर्वीसारखा करून द्या.

ते म्हणाले नवा करून देतो, याहून चांगला वाजेल.

चांगला नको, तोच हवा.

"आजोबा, हा आता तो राहिला नाही. उगीच आशा लावणार नाही मी."

बाकावर बसवले, पाणी दिले. मी नवा करायला सांगितला. तिसरी खाच केसभर डावीकडे करा म्हटले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि कागदावर टिपून घेतले. आपणहून म्हणाले, शनिवारी देतो.

२२ डिसें., रवि.

तारा पूर्वीसारख्या बांधून गिटार घेऊन गेलो. मुग्धा म्हणाली बाबा झोपलेत. दारातून पाहिले. डोळे मिटलेले होते. पण मधू झोपला की घोरतो. घोरत नव्हता.

पलंगाजवळ स्टुलावर पाऊण तास बसलो. हळू आवाजात सांगितले की तारा सरळ केल्या आहेत, नट नवा आहे, तुझा नाही, तुझा माझ्याकडे आहे आणि तो बिघडला आहे. मी बिघडवला. पापण्या हलल्या, उघडल्या नाहीत. डावा हात पांघरुणावर होता. मी धरला नाही. धरावा असे फार वाटले. पण त्याच्या बाबतीत आता माझ्या मनाने काही व्हायला नको.

गिटार कपाटाला टेकून ठेवली, उशीवरून दिसेल अशी. स्वरात आहे. फूटपट्टी खिडकीत होती, तिच्यावर औषधांच्या पट्ट्या ठेवलेल्या. त्या उचलून बाजूला कराव्यात का असे मनात आले. नाही केल्या.

२९ डिसें., रवि.

काही कळले नाही. दहा ते साडेबारा गॅलरीत.

५ जानेवारी, रवि.

मुग्धाला रोज विचारू नये, तिला नोकरी आहे, खराडीला जाते-येते. मंगल म्हणाली सरळ त्यांनाच लिहा. मी म्हटले माझे शिक्षण सातवी, काय लिहिणार. म्हणाली, "सातवीपर्यंत पत्र शिकवतात."

चार वेळा लिहिले, चौथे बरे आहे. त्याचा फोटो मुग्धाला पाठवला, बाबांना वाचून दाखव म्हणून. तिने पाहिला आहे, निळ्या खुणा आल्या. दुपारचे तीन वाजले, उत्तर नाही. इथे उतरवून ठेवतो.

"मधू, पत्राला उशीर झाला. मला वाटले होते तुझी बोटे गेली. मी तुला विचारले नाही. डॉक्टरांनाही माहीत नाही ते मी ठरवून टाकले. माझे चुकले. मी मोजून केले असेल असे तू म्हणालास म्हणे. मधू, मी काही मोजले नव्हते. मी घाबरलो होतो, बाकी काही नाही. तुझ्यावाचून रविवार कसा जाईल याला घाबरून मी गिटार कापली. तेव्हा माझ्या कामावरून तुझ्या हाताचा हिशोब लावू नकोस. मला माफ कर किंवा करू नकोस, त्याची घाई नाही. तू बोलावलेस तरच येईन. पण आज बोटे रेघेवर ठेवलीस का, एवढे मात्र मला कळायला हवे. एकच ठेवले असेल तरी चालेल. मुग्धाला सांग, ती एका शब्दात कळवेल. हो किंवा नाही. नाही असले तरी कळव. पण लवकर कळव."