मुसळावरची मूठ

आई, गेल्या आठवड्यात मी डॉक्टरांना तुझ्याबद्दल चुकीचं सांगितलं. त्यांनी विचारलं, कामानं आईचा हात आखडायचा की मोकळा व्हायचा? मी म्हटलं, आखडायचा. घरी सगळे तसंच म्हणायचे ना, चटणी कुटून कुटून हिचा हात गेला. घरी येऊन आठवत बसले. तू उखळाशी बसली आहेस, शेजारी सुपात भाजलेले शेंगदाणे. हात बदलायला जातेस तर मूठ मुसळावरून सुटत नाही. तू हसतेस, "धरलं बघ यानं मला." पण चारपाच वेळा हात बदलला की तो सैल होतो, मग चटणीला तेल सुटेपर्यंत तू थांबत नाहीस. म्हणजे मोकळा व्हायचा. मी उलटं सांगितलं.

त्या सकाळी बादलीची कडी माझ्या हातातून सुटेना, म्हणून डॉक्टरांकडे गेले होते. स्नायू आवळतो पण सुटायला वेळ लावतो, असा हा दुर्मिळ आजार असावा म्हणतात. तुला असेल तर माझ्यात येण्याची शक्यता निम्मी. तुझं हृदय अचानक थांबलं, तेही कदाचित यातूनच. मावशी म्हणते, "लगीन जमंपतुर गप बस की! रक्तातलं पावण्यास्नी कशाला दावायचं?" पण न सांगता कुणाच्या घरात जाणं मला जमणार नाही.

अक्षरं मला तूच शिकवलीस, शाळेच्या आधी, याच स्वयंपाकघरात. माझ्या मुठीवर तुझी मूठ. अक्षर पुरं झालं तरी तुझा हात निघायचा नाही. एकदा मी हिसका दिला आणि पाटी फुटली. "वढू नगं! थांब की जरा, सुटंल," तू ओरडलीस. तशी तू क्वचितच ओरडायचीस. इतकी वर्षं मला वाटत आलं, तुला माझा हात सोडवत नव्हता. आता त्यालाही आजाराचं नाव मिळालं, आणि मला तेच सगळ्यात जड जातंय.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून लिहिते. काल मूठ पुन्हा अडकली, तेव्हा मी ती ओढली नाही. दुसरा हात तिच्यावर ठेवून थांबले. सुटली तेव्हा, खरं सांगते, थोडं वाईट वाटलं. तपासणीसाठी रक्त द्यायला जाणार आहे, डॉक्टरांना तुझी गोष्ट आधी नीट सांगून. परवा, गुरुवारी सकाळी.