आतली गाडी, बाहेरची गाडी

उस्ताद, आज लातूरच्या गोदामात दिवसभर दोन फोर्कलिफ्ट चालवून बघितल्या, एक बॅटरीची, एक डिझेलची, आणि घरी येऊन हातपाय धुतल्याबरोबर हे लिहायला बसलो. तुम्ही जाऊन सात वर्षं झाली. नांदेडच्या खताच्या गोदामात तुम्ही मला लिव्हरवर हात ठेवायला शिकवलं, म्हणून तर आज सोयाबीनच्या नव्या गोदामाला कुठली गाडी घ्यायची हे मालक मला विचारतात. म्हणजे विचारतात कसले, ठरवूनच आले होते. "दोन्ही डिझेलच घेऊ. मिस्त्री एक, सामान एक. कशाला डोक्याला ताप?" आत पोती रचणाऱ्या चौदा माणसांचं काय, हे त्यांनी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही नाही.

बाहेरच्या आवारात डिझेलचीच सरशी झाली. खडी, वाळून घट्ट झालेल्या चाकोऱ्या, ट्रकपर्यंतचा चढ, ती मालासकट चढून गेली. बॅटरीची गाडी आत फरशीवर कशी सफाईनं फिरत होती, पण खडीत तिची बारकी चाकं रुतली आणि साखळी बांधून ओढून काढावी लागली. मालक खूश. "बघा, मी म्हणलो न्हाई?" मग डिझेलची आत घेतली. तासाभरात डोळे चुरचुरायला लागले. शटर सताड उघडं, तरी धूर पत्र्याखाली कोंडलेला. नाक पुसलं तर रुमालावर दोन काळे डाग. तिथंच मला तुमचा ओला रुमाल आठवला आणि मी गाडी बंद केली.

आपल्याकडे तेव्हा दोन्ही गाड्या डिझेलच्या. पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणालात, "तू भायेर चालव. आत मी हाय." नांदेडचं मे महिन्यातलं ऊन, सीटवर बूड टेकवत नाही, आणि तुम्ही माठाच्या पाण्यात रुमाल भिजवून तोंडाला बांधता आणि ऐटीत सावलीत शिरता. मला वाटायचं, काय थाट आहे! दुपारी तो रुमाल नळाखाली स्वतः चोळत बसता. मी म्हणतो, "द्या, मी धुतो." तुम्ही हात झटकता, "ऱ्हाऊ दे. तुझं काम न्हाई ते." एकदा न विचारता गाडी आत घातली तर सगळ्यांदेखत किल्ली काढून घेतलीत. "आत यायचं न्हाई म्हणून सांगितलं हाय ना तुला?" सावलीची जागा जाईल म्हणून चिडलात, असं मी धरून चाललो. त्या रागात हमालांच्या घोळक्यात तुमचं नाव ठेवलं, सावलीवाले उस्ताद. ते लगेच चिकटलं. तुमच्या तोंडावर म्हणायचे आणि तुम्ही रुमालाआडून हसायचात. पुढच्याच आठवड्यात माझ्या गाडीच्या डोक्यावरच्या जाळीवर पत्रा ठोकून आणलात, वर उचललेली पोती बघायला मधे फट ठेवून. "घे. तुलाबी सावली."

शेवटी शेवटी तुम्हाला दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागायची. डॉक्टर काय म्हणाले ते मी कधी विचारलं नाही. आज मात्र मालकांना म्हणालो, "गाडी चालू ठेवतो, पंधरा मिनिटं आत बसा, चहा आतच मागवतो." पाचव्या मिनिटाला अर्धा कप तसाच टाकून बाहेर आले. "घ्या बाबा ती बॅटरीची." आत बॅटरी, बाहेर डिझेल, ठरलं एकदाचं. चार्जिंगला वेगळा कोपरा काढावा लागेल, मिस्त्री कुरकुर करेल, करू दे. चौदा जणांना तुमच्यासारखा रुमाल बांधायची पाळी येणार नाही. उस्ताद, माझी छाती अजून धड आहे ती तुमच्यामुळं. फार उपकार आहेत तुमचे.

हे पत्र तुमच्या घरी पाठवलं तर काकू वाचतील. सावलीवाले उस्ताद हे नाव त्यांनाही ठाऊक आहे, त्याही हसायच्या त्यावर. ते मी ठेवलं होतं हे त्यांना सांगायची हिंमत नाही, म्हणून घडी करून कपाटात ठेवतो. तुम्हाला सांगायला एकदा तोंड उघडलं होतं, तुम्ही पत्रा दाखवलात तेव्हा. पण बोललो एवढंच, "फट जरा मोठी पायजे होती." आणि तुम्ही भर उन्हात पुन्हा वेल्डरकडं गेलात.