पडण्याची नोकरी परत मिळणेबाबत

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
आमच्या हद्दीचे पोलीस ठाणे, कोल्हापूर.

अर्जदार : बाळासो गणपती मगदूम, वय ६७, माजी पैलवान, रा. शाहूपुरी.

विषय : अर्जदार कोणासही धोकादायक नाही, असा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : श्री. उदयसिंह खोत यांनी अर्जदाराविरुद्ध दिलेली तक्रार.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्जदार हात जोडून कळवतो की,

१) आमच्या गल्लीच्या तोंडाला 'लाल माती' नावाचा गॅस्ट्रोपब, म्हणजे खाण्यापिण्याचं हॉटेल, आहे. नाव पबाचं, पण बाहेरच्या अंगणात झाडं, दिव्यांच्या माळा, बाकडी आहेत. लेकरंबाळं, म्हातारीकोतारी, पाळलेली कुत्रीसुद्धा येतात आणि सगळ्यांना "या पावणं" म्हणून बसवलं जातं. फेटा बांधून, गदा खांद्यावर घेऊन तसं म्हणायचं काम अर्जदाराचं. जागेबद्दल अर्जदाराची काडीचीही तक्रार नाही.

२) गिऱ्हाईक वाढावं म्हणून मालक श्रेयस यांनी योजना काढली : 'पैलवानाला पाडा, सुक्क्याची प्लेट फुकट.' अंगणात गादी टाकली. अर्जदारानं थोडं झुंजल्यासारखं करायचं, पाठ टेकायची आणि हसायचं. हसलं नाही तर फोटो चांगला येत नाही. एका बाईंनी हातातला ग्लास खाली न ठेवता पाडलं. एका वाढदिवसाला अर्जदाराच्या छातीवर केक ठेवून कापला. पडलो तरी नाक वर म्हणतात. इथं नाकावर पाय ठेवून फोटो काढतात. पण पोटासाठी सगळं करावं लागतं साहेब. पत्नी चिमणाबाई अंथरुणाला खिळलेली, तिची औषधं याच नोकरीवर. अर्जदार पडायचा कधी चुकला नाही.

३) गेल्या रविवारी श्री. खोत यांचा मुलगा राजवीर गादीवर आला. बाकीचे मोबाईल कुणाकडं तरी देऊन दात काढत येतात. हा पोरगा तालमीत जाणारा. त्यानं पायताण काढलं, कुंडीतली चिमूटभर माती कपाळाला लावली, अर्जदाराच्या पाया पडला आणि म्हणाला, "वस्ताद, तुमच्यासंगं एक कुस्ती खेळायची लई इच्छा हाय." असं म्हणून सलामीला हात पुढं केला. अर्जदाराला कैक वर्षांत कुणी वस्ताद म्हटलं नव्हतं. डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला बोला. अर्जदारानं हळूच सांगितलं, "पोरा, हात देऊ नगंस. नुसतं ढकल." त्याला वाटलं, वस्ताद परीक्षा बघतायत. त्यानं हात मिळवला.

४) माती लावून सलामी झडली की खोटं पडायचं नाही, हे अर्जदाराच्या हाडात लहानपणापासून मुरलंय. डोकं म्हणत होतं पड, पड की मेल्या! पण अंगानं ढाक लावली, उचलून फेकायचा डाव. पोरगं गादीबाहेर दगडी कठड्यावर आपटलं. हात दोन जागी मोडला. डॉक्टर म्हणतात, आता कुस्ती विसरा. अख्ख्या अंगणात जो एकटा मान देऊन आला, त्याचाच हात अर्जदारानं मोडला. जळो ती विद्या! माणसं मात्र टाळ्या वाजवत होती. त्यांना वाटलं, हाही खेळातलाच प्रकार.

५) श्री. खोत यांची तक्रार शंभर टक्के खरी आहे. अर्जदार माफी मागायला त्यांच्या दारात गेला, तेव्हा त्यांनी आत घेतलं नाही, ते बरोबरच केलं. पोरगा मात्र हात गळ्यात बांधलेला तसाच बाहेर आला आणि म्हणाला, "वस्ताद, ढाक एकदम नीट बसली की." तेव्हापासून अर्जदाराला घास गोड लागत नाही.

६) मालक म्हणतात, गिऱ्हाईक घाबरलंय. म्हातारा निरुपद्रवी आहे असं पोलिसांनी लिहून दिलं, तरच परत गादीवर घेणार. सबब तसा दाखला मिळावा. खात्री करायची झाल्यास अर्जदार ठाण्याच्या आवारात सर्वांसमक्ष पडून दाखवेल. हवालदार, होमगार्ड, चहावाला, कुणीही पाडावं, कितीही वेळा. पडल्यावर हसूनही दाखवेल. फक्त पाडायला येणाऱ्यानं आधी अर्जदाराला नमस्कार करू नये, एवढी कृपा व्हावी.

आपल्या दाखल्यावर ज्याची चूल अडली आहे, तो नम्र अर्जदार,
(सही) बाळासो गणपती मगदूम
कोल्हापूर, दि. १२ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१) पत्नीच्या औषधांची चिठ्ठी.
२) अर्जदार पडतानाचे फोटो, गिऱ्हाइकांनी हौसेनं काढलेले. सगळ्यांत अर्जदार हसतो आहे.