पान दोनशे बाराचा समास

दादा,

'तीर्थरूप' लिहिणार नाही, मी रागात आहे.

तुझी युद्धकाळातली रहस्यकादंबरी आमच्या वाचनालयात हातोहात फिरतेय. पुस्तक परत करताना शिंपीकाका म्हणाले, "झोपच उडाली!" शाळेतल्या बाई म्हणाल्या, "शेवट मात्र ओढूनताणून आणलाय." शत्रूला खबर देणारी ती टेलिफोनवाली तू कोणावरून घेतलीस, हे त्यांना ठाऊक नाही. मला आहे. तो तिरपा भांग, ती चष्म्याची दोरी, ती टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी आईचीच. आई आता उत्तर द्यायला नाही, म्हणून तुझं फावलं.

लोक आमची पुस्तकं पेन्सिलीने रंगवतात आणि दर शनिवारी मी खोडरबर घेऊन बसते. पान दोनशे बारावर, जिथे ती शत्रूला फोन लावते, तिथे समासात थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: "साफ खोटं. त्या बाईंनी फोन आम्हाला केला होता. म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता घर सोडा. आम्ही सातजण वाचलो."

तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच मी नियम मोडला. ते खोडलं नाही. उलट त्यावरून शाईचं पेन फिरवलं, अक्षर न् अक्षर.

हे पत्र टपालात टाकणार नाही. त्याच पानात ठेवतेय. वाचायचं असेल तर इथे ये आणि सगळ्यांसारखा नंबर लाव. तुझ्याआधी अकराजण आहेत. ते समासही वाचतील, हे पत्रही.

आईची लेक