जेवणाच्या खोलीतली फिरोजी भिंत

१६ जून

चिरंजीवास,
आशीर्वाद. डोळा बरा आहे, त्यामुळे सगळं स्वच्छ दिसतंय.

मंगळवार, दहा जून, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. मी डोळ्याच्या डॉक्टरांकडून परतले, तर जेवणाच्या खोलीतली माझी फिरोजी भिंत नाहीशी. तिच्या जागी नासक्या दुधाचा रंग. रंगारी जिन्यात चहा पीत बसला होता.

"कुणाला विचारून?"

"तुमच्या साहेबांचा फोन होता, बाई. म्हणाले, आईला सरप्राइज."

"साहेब तुझे. माझा तो मुलगा आहे. पुढे बोल."

"बघायला येणाऱ्यांना फिकट भिंती बऱ्या वाटतात, असंही म्हणाले."

मला बघायला तर कुणी फिरकत नाही. म्हणजे घरच बघायला येणार. एकटीला तीन खोल्या कशाला, हे तू तोंडावर विचारलं असतंस, तर मी तोंडावर उत्तर दिलं असतं. भिंतीआडून बोलायला मी तुला शिकवलेलं नाही.

भडक म्हणतोस ना तिला? वर्गात एका वेळी एकीनेच बोलायचं, असं आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर सांगायच्या. मी तेच खोलीला लावलं. फिरोजी एकच भिंत. बाकीच्या तीन पांढऱ्या, पडदे कोरे सुती, टेबल साध्या लाकडाचं. डोळ्यांवर येईल कशी?

तुझे बाबा पंचवीस वर्षं तिच्याकडे पाठ करून जेवले, हे तू चारचौघांत हसत सांगतोस. शेवटच्या तीन महिन्यांत त्यांनीच खाट त्या खोलीत हलवायला लावली, तोंड भिंतीकडे करून. "एवढी वर्षं उगाच पाठ केली," म्हणाले. हे तुला माहीत नाही. तू तेव्हा फोनवरून चौकशी करत होतास.

असो. जड कपाटामागे रंगारी ब्रश नेत नाहीत. त्याच्याकडूनच कपाट सरकवून घेतलं, तर मागे हातभर फिरोजी शाबूत. तिची खपली दुकानात नेऊन रंग हुबेहूब जुळवून आणला. काल दुपारी त्याच रंगाऱ्याने दुसरा हात मारला. या वेळी मी समोर खुर्ची टाकून बसले होते.

घर कुणाला दाखवणार होतास, आणि मी कुठे जाईन असं ठरवलं होतंस, याचं उत्तर शाईने, कागदावर, तीस जूनच्या आत हवं. फोन मी उचलणार नाही. कागद घेऊन स्वतः आलास, तर जेवायला वाढेन. बसायचं मात्र भिंतीकडे तोंड करून.

तुझी आई,
आणि या घराची मालकीण